खारट रविवार

१

रविवारी दुपारच्या जेवणाची वेळ व्हायच्या आत उद्यानाच्या तक्रारखिडकीसमोर रांग लागली, आणि त्या रांगेतला प्रत्येक माणूस तोंड वेडंवाकडं करून पाणी मागत होता.

आता तक्रारखिडकीवर कौतुक करायला कोणी येत नाही, हे उघडच आहे. खिडकीत बसणाऱ्या बाईंना त्याची सवय होती. सगळे त्यांना तक्रारबाई म्हणत, आणि त्यांना स्वतःलाही ते नाव पटून गेलं होतं. मोठा पाळणा मध्येच थांबला, भुताच्या घरात भूतच दिसलं नाही, झुकझुकगाडीत पोराचा बूट राहिला, सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं. पण शंभरातल्या नव्वद तक्रारी एकाच गोष्टीच्या. "इथे खायला-प्यायला एवढं महाग का हो?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "कळवते वर." वर कोण बसलंय आणि त्याला ऐकू येतं का, ते लोकांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनी कधी सांगितलं नाही.

आजची तक्रार मात्र नवी होती.

"अहो, हे पॉपकॉर्न आहे की मिठागर?" एका गृहस्थांनी कागदी शंकू खिडकीतून आत सरकवला. "खाऊन बघा!"

बाईंनी एक लाही तोंडात टाकली आणि त्यांचे डोळे मिटले ते मिटलेच. खिडकीला कडी घालून त्या तडक पाळण्याकडे निघाल्या.

पाळण्याच्या सावलीत पॉपकॉर्नचा गाडा होता. तो चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे तडतडकाका म्हणत. दाणे तडतडतात म्हणून की स्वभाव तडतडा म्हणून, यावर उद्यानात दोन पक्ष होते. आज काकांनी गाड्याची काच ओढून घेतली होती आणि हाताची घडी घालून ते उभे होते. चेहरा लालबुंद. शेजारच्या लिंबू सरबताच्या गाड्यासमोर मात्र तोबा गर्दी. तोंड खारट झालेली सगळी जत्रा तिथे लोटली होती. सरबतवाली दोन्ही हातांनी पेले भरत होती, आणि बाई पोहोचतायत तोवर तिने शेवटचं लिंबू पिळून रिकामी टोपली उलटी करून दाखवली.

"संपलं! लिंबं संपली! माफ करा!"

गर्दी हळहळली. तेवढ्यात काकांनी हात लांब केला. बोट सरबतवालीकडे.

"हिने केलंय! माझ्या लाह्यांत हिने मीठ कालवलं, हिचं सरबत खपावं म्हणून! बघा, बघा कशी रांग लागलीय!"

सगळ्यांच्या माना सरबतवालीकडे वळल्या. तिने ओले हात पदराला पुसले आणि रिकामी टोपली उचलून ठेवली.

आणि ही सरबतवाली तक्रारबाईंची सख्खी धाकटी जाऊ होती.

२

"माझ्याकडे गाडेवाल्यांनी सह्या करून अर्ज आणलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "तिला काढा म्हणतात."

मालकीणबाईंचं ऑफिस तिकीटघराच्या वरच्या मजल्यावर होतं. वडिलांनी उभारलेलं उद्यान त्या एकट्या चालवत होत्या आणि कुणाच्या बोलण्यात यायच्या नाहीत. तरी आज त्यांचा आवाज थकलेला होता.

"तिने असलं काही केलेलं नाही," तक्रारबाई म्हणाल्या.

"तुमची जाऊ आहे. तुम्ही असंच म्हणणार."

"जाऊ आहे म्हणूनच म्हणत नाही. जावा-जावा आणि उभा दावा, असं लोक म्हणतात, ते काय उगाच? आमच्यात दहा भांडणं झालीत. तिच्या हातून दूध उतू जातं, तिला वेळेचं भान नाही, ती कुणाचं ऐकत नाही. पण ती कुणाच्या अन्नात हात घालणार नाही."

"हे मला पटतं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण मला पटून काय उपयोग? उद्या सोमवार, उद्यान बंद. संध्याकाळी गाडेवाल्यांची बैठक घेते. तिथे तुम्ही नुसतं 'ती तशी नाही' म्हणालात तर लोक हसतील. मला कारण हवं. कुणी केलं, कसं केलं, का केलं. नाहीतर मंगळवारी तिथे दुसऱ्या कुणाचा गाडा उभा राहील."

बाई जिना उतरल्या. धाकट्या दिराची नोकरी सुटल्यापासून तिकडचं घर त्या गाड्यावरच चाललं होतं. पोरीची फी, सासूबाईंची औषधं, सगळं त्या लिंबांतून निघत होतं. गाडा गेला तर त्या घराचं काय होईल, याचा विचार बाईंना करवेना.

पण मनात एक गोष्ट टोचत होती. ज्याला फायदा, त्याचं काम. आणि फायदा तर धाकटीलाच झालेला दिसत होता!

३

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर बाई तडतडकाकांच्या गाड्याशी गेल्या.

"काका, मला सांगा, तुमच्या मिठाला हात कोण लावू शकतं?"

"कोणी नाही!" काकांनी सदऱ्यातून दोरा ओढून काढला. दोऱ्याला किल्ली. "मिठाच्या डब्याला कुलूप असतं. ही किल्ली अंघोळीलाही निघत नाही."

"डब्यात काय आहे ते बघू."

डब्यात नेहमीचंच बारीक मीठ होतं. बाईंनी चिमूटभर चाखलं. मिठासारखं मीठ.

"आणि तुम्ही घालता कधी? फुटल्यावर?"

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वरून भुरभुरवणारे ते दुसरे! आधी तेल, तेलात मीठ, मग दाणे, मग झाकण. फुटता फुटता प्रत्येक लाहीला लागतं. आणि चमचा-बिमचा नाही हं. मूठ आणि जीभ. मुठीने घालायचं, जिभेने तपासायचं. उद्यान उघडलं त्या दिवसापासून असंच चाललंय. थांबा, करूनच दाखवतो."

त्यांनी भांडं तापवलं, तेल सोडलं, मूठभर मीठ घातलं, दाणे टाकले. तडतड सुरू झाली तशी त्यांची गाडीही सुरू झाली. आपण पहिल्या दिवशी कसे उभे राहिलो, मालकीणबाईंच्या वडिलांनी कशी पाठ थोपटली, मागच्या महिन्यात केवढा ताप आला, पण डॉक्टरांचं न ऐकता आपण गाडा कसा उघडला. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांना ठसका लागला. भांड्याच्या तळाचे दाणे करपून धूर येत होता. काका बोलतच होते. शेवटी बाईंनीच हात घालून बटण बंद केलं.

"बोलण्याच्या नादात राहिलं," काका म्हणाले.

"आज पहिला घाणा काढलात तो तुम्ही चाखला होता?"

"म्हणजे काय! पहिला घाणा अगदी नेमका होता. तिने नंतर काहीतरी केलं, मी पाणी आणायला गेलो तेव्हा."

"तिच्यावरच एवढा राग का?"

काकांनी नजर चुकवली. "काल जरा बोललो तिला. एक गिऱ्हाईक महागाईवरून कुरकुरत होतं. मी म्हटलं, हिच्या सरबतात लिंबापेक्षा लोभ जास्त. चारचौघांत म्हटलं. ती पाठ फिरवून निघून गेली. मनात धरलं असणार."

म्हणजे फायदा तर होताच, आता वैरही निघालं. बाईंनी कपाळाला हात लावला. उरलेला एक खारट शंकू पुरावा म्हणून पिशवीत टाकून त्या सरळ धाकटीच्या घरी गेल्या. धाकटी स्वयंपाकघरात बरण्या विसळत होती. बाईंनी शंकू ओट्यावर ठेवला.

"ते आधी उचला, ताई," ती म्हणाली. "मला त्याचा वासही नको वाटतो. लहानपणापासून आवडत नाही. दातात अडकतं मेलं."

"बरं, उचलते. पण आज काय झालं ते तरी सांगशील?"

"मी काही केलेलं नाही."

"ते मला ठाऊक आहे. पण तुला काहीतरी माहीत आहे."

धाकटीच्या हातातली बरणी थांबली. "माहीत असलं तरी सांगणार नाही."

"गाडा जाईल, अगं!"

"जाऊ दे गेला तर. तुम्ही मला यापुढे विचारू नका." आणि तिने नळ मोठा केला.

४

सोमवारी उद्यान बंद होतं. पाळण्याला तेलपाणी चाललं होतं, चक्राचे लाकडी घोडे कापडाखाली झाकलेले. आइस्क्रीमवाला आपली पेटी धूत होता. पाळण्याच्या सावलीतली काकांची जागा मिळावी म्हणून तो कधीपासून मागे लागला होता, हे सगळ्या उद्यानाला माहीत होतं.

"सांगू का बाई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमच्या जाऊबाईंनीच केलंय. माझ्याकडे पक्का पुरावा आहे."

"पुरावा?"

"रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी त्या काकांकडे जातात. 'काका, एक मूठ द्या की' म्हणतात, उभ्या उभ्या खातात, 'काका, आज हात जरा आवरा' असं काहीतरी हसत बोलतात आणि जातात. रोज! फुकट! गेला महिनाभर मी बघतोय. आणि काल? काल गेल्याच नाहीत. का नाही गेल्या? ठाऊक होतं ना आत काय कालवलंय ते!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असा हा माणूस. पण हे तो बनवून सांगत नव्हता.

धाकटी पॉपकॉर्नचा वाससुद्धा सहन करत नाही. मग रोज सकाळी मूठभर खाते कशाला?

"आणि तुझं काय?" बाईंनी विषय पालटला. "आइस्क्रीमही खपलंच असेल काल. काकांचा गाडा बसला तर सावलीची जागा तुला."

तो ओशाळला. "जागा मागतो, चोरी करत नाही. आणि खरं सांगू? माझी विक्री वाढली की माझ्याच पोटात गोळा येतो."

"का रे?"

"ते मॅनेजरसाहेबांना विचारा."

५

मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता. आकड्यांत जास्त रमायचा, एवढंच. बाईंनी खुर्ची ओढली आणि वर्षानुवर्षं लोकांनी त्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी आज पहिल्यांदा स्वतः विचारला.

"साहेब, इथे सरबत एवढं महाग का?"

ते हसले. "तुमची जाऊ लबाड आहे म्हणून नाही. घरी बसून आई-बाप काय विचारतात? तिकीट केवढ्याला? सरबत केवढ्याला, हे घरून कोणी विचारून निघत नाही. म्हणून तिकीट आम्ही स्वस्त ठेवतो. एवढं स्वस्त की त्यात पाळण्याची वीजही निघत नाही. मग ते भरून कुठून काढायचं? आत आलेला माणूस तहानतोच. बाहेरचं खाणं फाटकावर ठेवून घेतो आपण. पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, पण तो पार गाड्या लावायच्या मैदानात. मग माणूस जाणार कुठे?"

"म्हणजे पेल्यातला पैसा तिला मिळत नाही?"

"अर्ध्याहून जास्त उद्यानाला. उरलेल्यात लिंबं, साखर, बर्फ, तिची मेहनत. लोक शिव्या मात्र तिला घालतात."

"आणि जास्त खपलं तर?"

मॅनेजरसाहेब जरा अवघडले. "हंगामातल्या सगळ्यात मोठ्या विक्रीच्या दिवसावरून पुढच्या वर्षीचं भाडं ठरतं. कालचा दिवस बघता तिचं भाडं बरंच वर जाईल."

बाई ताडकन उठल्या. "म्हणजे काल तिचा तोटाच झाला! फायदा झाला तो तुमचा!"

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी उठून दार लोटलं.

"खरं सांगतो. मीठ जरा वाढवा, म्हणजे पेय खपेल, असं मी काकांना एकदा सुचवलं होतं. सगळीकडे करतात. काका माझ्यावर झारा घेऊन धावले. म्हणाले, माझ्या लाह्या लोकांनी चवीला खाव्यात म्हणून आहेत, तहान लागावी म्हणून नाहीत! त्यानंतर मी त्या गाड्याच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. शपथेवर सांगतो, मी नाही केलं."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. खिडकीत इतकी वर्षं बसून खोटं बोलणारा माणूस त्यांना दुरून ओळखू यायचा. हा खरं बोलत होता.

म्हणजे धाकटी नाही, आइस्क्रीमवाला नाही, मॅनेजर नाही. मग उरलं कोण?

बाई आपल्या खिडकीत जाऊन बसल्या. कालची पहिली तक्रार त्यांना आठवली. जुळ्या पोरांची आई होती, फाटक उघडल्या उघडल्या आलेली. एक पोर गप्प, दुसऱ्याने लाही थुंकलेली. म्हणजे पहिलाच घाणा खारट होता. आणि पहिला घाणा तर काकांनी स्वतः चाखून नेमका ठरवला होता.

बाई उठल्या. धाकटीच्या गाड्यातून त्यांनी एक पेला घेतला, एक लिंबू मागवलं, आणि सरबत करायला घेतलं. जन्मात केलं नव्हतं तसं सरबत.

६

काका गाड्याची काच पुसत होते.

"काका, घसा कोरडा पडला असेल. धाकटीने पाठवलंय. म्हणाली, झालं गेलं विसरा."

काकांनी पेल्याकडे पाहिलं, मग दूर कुठेतरी पाहिलं. राग निवळत होता की डोळे भरत होते, कळलं नाही. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि निम्मा रिकामा केला.

"कसं झालंय?"

"छान," काका म्हणाले. मिशी पुसली. "तिच्या हाताला चव आहे, ते मी नाकारत नाही. फक्त साखर किंचित जास्त झाली. सांगा तिला."

बाईंना वाटलं होतं, काका थुंकतील, ओरडतील, पेला फेकून मारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"काका," त्या हळू म्हणाल्या, "त्यात साखरेचा कणही नाही. दोन चमचे मीठ आहे."

म्हाताऱ्याने पेल्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, पुन्हा ठेवलं.

"तापापासून ना?" बाईंनी विचारलं. "काल दाणे करपले तेही तुम्हाला कळलं नाही. नाकही गेलंय."

काकांनी मान खाली घातली.

"येईल परत असं वाटायचं," ते शेवटी म्हणाले. "काल सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी मूठभर दाणे फोडून चाखले तर मातीसारखे लागले. म्हणून पुन्हा फोडताना तेलात मीठ आणखी घातलं. आणखी घातलं. जरासं जिभेला लागलं तेव्हा म्हटलं, आता नेमकं झालं." त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे मीच की! आणि मी त्या पोरीवर... पण मग गेला महिनाभर कोणी तक्रार कशी केली नाही?"

"ते मला कळलंय," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी बैठक आहे. मी सांगू की तुम्ही सांगाल?"

काकांनी काच ओढून घेतली आणि बाईंकडे पाठ केली.

७

बैठक बाहुल्यांच्या खेळाच्या हॉलमध्ये होती. पोरांच्या इवल्या खुर्च्यांवर सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. धाकटी भिंतीला टेकून उभी, हनुवटी वर. काका दाराजवळ.

"बोला बाई," मालकीणबाई म्हणाल्या. "कारण द्या."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून शंकू बाहेर काढला.

"एक. जिला सरबत खपवायचं होतं तिने लिंबं जास्त आणली असती. माझ्या जावेची लिंबं जेवणाच्या आधीच संपली. तिला काही ठाऊकच नव्हतं. दोन. कालच्या विक्रीने तिचं पुढच्या वर्षीचं भाडं वाढतं. स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? मॅनेजरसाहेब, खरं ना?"

मॅनेजरसाहेबांनी मान डोलावली.

"तीन. वरून मीठ टाकलं असतं तर ते शंकूच्या तळाशी गळलं असतं. हा कालचा शंकू. तळ कोरडा, आणि लाही न् लाही खारट. म्हणजे मीठ तेलातच पडलं, फुटायच्या आधी. डब्याला कुलूप, किल्ली काकांच्या गळ्यात. आणि पहिली तक्रार आली ती पहिल्याच घाण्याची, काका पाणी आणायला जायच्याही आधीची."

"म्हणजे काकांनी स्वतः?" आइस्क्रीमवाला उडालाच. "मुद्दाम?"

पुढचं वाक्य बाईंच्या तोंडून निघेना. या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट मिरवली होती.

दाराजवळची खुर्ची करकरली. तडतडकाका उठले, आणि ताठ चालत पुढे आले.

"मुद्दाम नाही. माझी जीभ गेली," ते म्हणाले. आवाज गाड्यावर असायचा तसाच, खणखणीत. "तापात गेली. मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. काल मीठ माझ्याच हाताने जास्त पडलं, आणि मी आळ घेतला या पोरीवर. सगळ्यांदेखत घेतला, सगळ्यांदेखत मागे घेतो. चुकलो, पोरी. माफ कर."

मग ते बाकीच्यांकडे वळले.

"माझी जीभ गेल्याचं कोणालाच कळलं नव्हतं," काका म्हणाले.

"एकीला कळलं होतं," तक्रारबाई म्हणाल्या.

"ताई, गप्प बसा," धाकटी भिंतीजवळून म्हणाली.

"नाही बसणार. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकून घेतेय, आज माझं ऐका. हिला पॉपकॉर्न आवडत नाही. वाससुद्धा नको. तरी महिनाभर रोज सकाळी ही काकांकडून एक मूठ मागून खायची. आणि हसता हसता सांगायची, काका, आज हात जरा आवरा, काका, आज चिमूटभर वाढवा. काकांना वाटायचं पोर थट्टा करतेय, पण हात ते तिच्या सांगण्याप्रमाणे चालवायचे. खरं ना काका? म्हणून महिनाभर एक तक्रार आली नाही. त्या लाह्यांची चव हिच्या जिभेवर चालली होती. शनिवारी काका हिला लोभी म्हणाले. म्हणून रविवारी ही गेली नाही. एकच दिवस."

काकांनी धाकटीकडे पाहिलं. "तुला कळलं कसं गं?"

धाकटी आता रडत होती, पण हनुवटी अजून वर. "एकदा साखर घालायला विसरले आणि तसाच पेला तुम्हाला दिला. तुम्ही म्हणालात, झकास. तेव्हाच कळलं. सांगितलं असतं तर तुमचा गाडा बंद केला असता यांनी. आणि काल मी यायला हवं होतं. मला राग आला, मी नाही आले. म्हणून गप्प होते."

"स्वतःचा गाडा जाईपर्यंत गप्प?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मग काय, माझा वाचवायला त्यांचा घालवू?"

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. त्या खुर्चीतून उठणं सोपं नव्हतं, तरी उठल्या. "काकांचा गाडा बंद होणार नाही. चाखायला माणूस देऊ, पगारी, चोरून नाही. आणि तुझ्यावर खोटा आळ आला, तो माझ्या उद्यानात आला. भाडं वाढणार नाही, ते तर झालंच. शिवाय तुला काय हवं ते माग."

सगळे धाकटीकडे बघायला लागले. तक्रारबाई मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. फी, औषधं, दिराची नोकरी. माग गं बाई, त्या मनात म्हणाल्या, लाजू नकोस.

धाकटीने डोळे पुसले.

"माझ्या गाड्याशेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ लावा," ती म्हणाली. "गार पाण्याचा. फुकट."

मॅनेजरसाहेबांनी डोक्याला हात लावला. "अगं, तुझ्याच शेजारी? कोण घेईल मग सरबत?"

"ज्याला सरबत प्यायचंय तो घेईल. तहानेने जीव चाललाय, दुसरं काही मिळत नाही, म्हणून जो माझ्यासमोर उभा राहतो ना, तो पैसे देताना माझ्याकडे कसं बघतो ते मी रोज बघते. काकांनी मला एकदा लोभी म्हटलं, तो रोज म्हणतो, मनात. मला ते गिऱ्हाईक नको." तिने हॉलभर नजर फिरवली. "आणि माझं सरबत पाण्यापुढे टिकेल. तेवढं चांगलं करते मी."

"आणि नाही टिकलं तर?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तर मग मी सरबतवाली कसली?"

मालकीणबाई मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "उद्या सकाळी प्लंबरला बोलवा."

पहिली टाळी तडतडकाकांनी वाजवली, मग सगळ्यांनीच. तक्रारबाईंना टाळी वाजवता आली नाही, कारण एका हातात शंकू होता आणि दुसऱ्याने त्या डोळे पुसत होत्या. त्यांनी शेजारच्या आइस्क्रीमवाल्याला कोपर मारलं.

"माझी जाऊ आहे ती," त्या म्हणाल्या.

"माहितीय की, बाई. सगळ्यांना माहितीय."

"तरी सांगते," बाई म्हणाल्या.